ओल्या अंगठ्याचं येसर

गहिनीनाथाचा घसा दोन दिवस खाजत होता आणि सत्यभामाबाई त्यासाठी मांजरसुंब्याच्या एका धाब्याला शिव्या घालत होत्या.

"मिश्र चटणी," धाब्यावरून आणलेली पुडी नाकासमोर धरून त्यांनी वाचलं. "मिश्र म्हणजे कशात काय मिसळलंय, ते सांगायला यांच्या बापाचं काय जातं?"

"मला वाटलं शेंगदाण्याची हाय. अर्धी भाकर सपल्यावर कळलं जवस हाय. जवसाचं अन् माझं कधीच जमलं न्हाई, अक्का. गळ्यात कुसळ गेल्यावानी हुतंय."

सत्यभामाबाईंनी एकवीस वर्षं सरकारी खात्यात खाण्याच्या मालाचे नमुने गोळा केले होते. निवृत्तीनंतर बीडच्या मोंढ्यामागच्या खोलीत बसून त्या लोकांची कोडी सोडवत. गहिनीनाथ त्यांची जीप चालवी, समोर येईल ते खाई आणि प्रत्येक गोष्ट अर्धा तास उशिरा समजून घेई. माणूस मात्र सोन्यासारखा.

सन दोन हजार सोळा, चैत्राची अखेर. बिंदुसरा नदीचं पात्र खडखडीत. दारात एक बाई कधीची उभी होती ते दोघांनाही कळलं नव्हतं.

तिशीतली, हातात कापडी पिशवी, ओठांना भेगा पडलेल्या. सत्यभामाबाईंनी तिला बसवलं आणि माठातलं पाणी गिलासात ओतून पुढे ठेवलं. तिने गिलासाकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

"तान न्हाई," ती म्हणाली.

एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला तहान नाही हे गहिनीनाथालासुद्धा खटकलं.

तिचं नाव शिवकन्या. तलवाड्याच्या पुढे सहा किलोमीटरवर उंबरदरा नावाचं गाव आहे, तिथली. नवरा वारलेला, पाच वर्षांची मुलगी. गावात बायकांची 'घास' नावाची गृहउद्योग सहकारी संस्था. तिची सासू केशरबाई हिने ती उभी केली आणि केशरबाईच्या येसरावरच ती चालली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला त्याची आमटी नसली तर पाहुणे यजमानाला नावं ठेवतात.

"आत्याबाई शिमग्याच्या आधी गेल्या," शिवकन्या म्हणाली. "बुधवार हुता. गावचा सोमवारचा टँकर आलाच नव्हता. घरात पाणी न्हाई. मी घागर घेऊन लांबच्या मळ्यातल्या हिरीवर गेलते. तीन तास लागले. परत आले तर..." ती थांबली. "डोळे उघडे हुते. खिडकीकडं बघत गेल्या. मीच मिटवले, मगच लोकास्नी हाक मारली. लोक आले, तांब्या कोरडा बघितला. म्हणले, सुनेनं सासूला तानेनं मारली."

"आजारी होत्या?"

"दोन महिने खाटेवर. सपत आल्यात्या. पण गाव काय म्हणतं ते सांगते. हनुवटी अन् पदर ओला हुता. मला वाटलं शेवटचा घाम आसंल."

"पुढे?"

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवला न्हाई. शिवंल कसा, दुष्काळात गावात कावळाच राह्यला न्हाई. दर्भाचा करून शिवला. तवापासून सगळे म्हणतेत, बाई अडकली. अन् मग हे सुरू झालं."

तिने पिशवीतून पाच पाकिटं काढून टेबलावर मांडली.

पाकिटांवर कागदी लेबलं होती. महिन्याचा जांभळा शिक्का प्रत्येकावर फुटून पसरला होता आणि त्या पसरलेल्या शाईत अंगठ्याचा ठसा उमटला होता. ओल्या अंगठ्याचा.

"आत्याबाई गेल्यापासून आमच्या येसराला ती चव न्हाई. लई खटपट केली, तेच जिन्नस, तेच माप. पण ह्या अंगठ्याच्या पाकिटात ती चव हाय. हुबेहूब त्यांचा हात. लोक म्हणतेत, मेल्यावर तिला पाणी घावलं. ओल्या हातानं येती अन् आपलं येसर करून जाती."

गहिनीनाथाने आपली खुर्ची टेबलापासून जरा मागे घेतली.

सत्यभामाबाईंना भुतापेक्षा लेबलाचा राग आला. त्या मोठ्याने वाचू लागल्या. "घास येसर. घटक: धान्ये, डाळी, मसाले व इतर. इतर! अहो, जगात धान्य, डाळ आणि मसाला सोडून जे जे आहे ते सगळं इतरच. यात खिळेसुद्धा बसतात. चवीपुरते मीठ. कुणाच्या चवीपुरतं? कोरड्या व थंड जागी ठेवा. बीड जिल्ह्यात कोरडी जागा हवी तेवढी आहे, थंड दाखवा. पॅकिंग: चैत्र. कोणत्या दिवशी?"

"तेवढंच आसतंय," शिवकन्या म्हणाली.

"अधिक माहितीसाठी मागे पाहा." पाकीट उलटलं. "मागे लिहिलंय, पुढे पाहा. हे लेबल लिहिणाऱ्याला मी आधी भेटणार, भुताला मागून."

एक पाकीट फोडलं. खमंग, थोडा तेलकट वास खोलीत पसरला. शिवकन्येने डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून पाणी आलं. गहिनीनाथाने आढेवेढे घेत चिमूटभर जिभेवर टाकलं. घटकाभराने तो गळा धरून बसला.

"अक्का, गळा धरला. मेलेल्या माणसाच्या हातचं खाल्लं, अन् बघा, तिनं गळा धरला."

"पाणी पी," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मग शिवकन्येकडे वळल्या. "तुला माझ्याकडून काय हवंय?"

"परवा शनिवारी सभा हाय. माझं नाव काढणार संस्थेतून. म्हणतेत, मी हाय तवर ती जाणार न्हाई. काढलं तर पोरीला घेऊन उसाच्या फडावर जावं लागंल. पण ते ऱ्हाऊ द्या." तिचा आवाज खाली आला. "आत्याबाई खरंच येत असतील तर मला सांगा. मी रोज उंबऱ्यात पाण्याचा गिलास ठेवते. सकाळी रिकामा आसतो."

तिच्यासमोरचा गिलास तसाच भरलेला होता.

*

शुक्रवारी उंबरदऱ्यात पोचले तेव्हा वारा सुटला होता. गावात झाडांना हलायला पान नव्हतं, त्यामुळे वारा नुसता पत्र्यांशी खेळत होता. 'घास'चं शेड वेशीजवळ. दारावर नारायणगडचा अंगारा लाल फडक्यात बांधलेला. आत दहा बायका येसर भाजत होत्या. मसाला भाजताना बायका किती बोलतात! इथे एक शब्द नव्हता. आणि एकही बाई कोपऱ्यातल्या मांडणीकडे पाठ करून बसली नव्हती.

अध्यक्ष सुंदरबाई, पन्नाशीच्या, ठसठशीत. बोलताना मात्र त्यांचंही लक्ष मांडणीकडेच.

"आठवडाभराचा माल आमी त्या कोपऱ्यात टाकतो. शनिवारी रास लावायची, तवा सापडतेत अंगठ्याची. वीस-बावीस. सगळा माल शेकड्यावर, पण त्यातली इतकीच तिची."

"दर आठवड्याला?"

"चैताच्या दुसऱ्या आठवड्यात एकबी न्हाई. नुकता अंगारा बांधला हुता. म्हणलं, सुटली बाई. फुडच्या शनिवारी परत तेच."

"केशरबाई काम कशी करायच्या?"

"तिचं सगळं उलटं. आमी दळून येईल तसं पाकिटात भरतो. ती सगळं दळण परातीत घ्यायची, पहिलं अन् शेवटचं एकत्र घोळायची, मगच भरायची. अन् चक्कीवर नंबर कायम शेवटचा घ्यायची. जाईबाईच्याबी मागं." सुंदरबाईंनी आवाज उतरवला. "जाईबाई तिकडच्या वस्तीवरची. बौद्ध. तिची चटणी आसती, तिला केशरबाईनंच घेतलं संस्थेत. आता नंबर बदललेत. येसर पहिलं, जाईबाई शेवटी, अन् तिच्या मागून चक्कीला ब्रश."

"फक्त तिच्या मागून?"

"तसा काय इषय न्हाई. सवय हाय," सुंदरबाई म्हणाल्या आणि कढईतलं पुन्हा हलवू लागल्या. ते आधीच पुरेसं भाजलं होतं.

सचिव भगवानराव टेबलाशी शिक्का मारत बसले होते. सत्यभामाबाईंनी त्यांच्यापुढे लेबल आपटलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"जागा कमी हुती, बाई."

"आणि 'इतर' काय?"

"ते केशरबाईनंच लिहायला लावलं. मी म्हणलं, इतर काय? म्हणली, सभेत सांगीन. चार सभा झाल्या. सांगितलं न्हाई."

"अंगठ्याच्या पाकिटांना मागणी कशी आहे?"

भगवानराव खुलले. "पुण्याचा दुकानदार तर म्हणतो, अंगठ्याचीच पाठवा." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "आवो, म्हंजे मी करतो म्हणता का? पाकिटं बायाच भरतेत. सोमवार-गुरुवार मी गेवराईला बँकेत, तवा शिक्काबी त्याच मारतेत. अन् मला तर आमटीलासुद्धा फोडणी देता येत न्हाई."

त्यांचा चेहरा पाहून ते खोटं वाटत नव्हतं. सत्यभामाबाई मांडणीशी गेल्या. मागच्या आठवड्याची अंगठ्याची पाकिटं एका टोपलीत वेगळी ठेवली होती, कुणी हात लावू नये म्हणून वर कडुलिंबाची वाळकी डहाळी. त्यांनी ती डहाळी बाजूला केली तेव्हा सगळ्या बायकांचे हात थांबले. त्या एकेका ठशावर आपला अंगठा ठेवून पाहू लागल्या. एका ठशात तो बरोबर बसला, दुसऱ्यात बाहेर आला, तिसऱ्यात आत हरवला.

बाहेर चक्कीच्या खोलीत गहिनीनाथ रामकिसनशी विड्या ओढत गप्पा मारत होता. रामकिसन संस्थेची चक्की चालवी. भुतांवर दोघांचंही एकमत होतं.

"अंधार पडला की मी हितं थांबत न्हाई," रामकिसन सांगत होता. "काम लई हाय तरी. थ्री फेज लाईट दुपारी एकला जाती. तेवढ्यात सगळं दळायचं."

सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जाईबाईंच्या मागून ब्रश रोज मारता?"

"मारतो की. एरवी मारतोच. टँकरच्या दिशी कोण मारतंय?" तो गहिनीनाथाकडे वळून हसला. "तूच सांग बे. सोमवार-गुरुवारी दहाला टँकरचा भोंगा वाजला की सगळ्या बाया घागरी घेऊन पळत्यात. मी चक्की रिकामी कशाला ठिवू? जी हजर, तिचं आधी. साडेबाराला बाया येत्यात, अर्धा तास उरतो. घाल, घाल, घाल. मधी आठ दिस टँकर आलाच न्हाई, डायवरचा भाऊ वारलता. तवा मात्र निवांत. रोज नंबरानं काम."

गहिनीनाथाने मान डोलावली. त्याला त्यात विशेष काही दिसलं नव्हतं.

*

जाईबाईचं घर गावापासून हाकेच्या अंतरावर, नाल्याच्या पलीकडे. नाल्यात पाणी नसल्यामुळे पलीकडे जायला पूल लागत नव्हता, तरी गावातलं कुणी सहसा जात नसे. दारात दोन ड्रम पाण्याने भरलेले.

"आमचा टँकर येगळा," साठीची जाईबाई म्हणाली. "बुधवारी येतो. थकल्या दिसता. पाणी घेता?"

विचारताना तिने गिलास उचलला नव्हता. सत्यभामाबाईंनी स्वतःच तो ड्रमातून भरला आणि घटाघटा प्यायल्या. गहिनीनाथही प्यायला. जाईबाईचा चेहरा थोडा सैल झाला.

"केशरबाई अन् मी वीस वर्षं संगट. दुष्काळी कामावर खडी फोडायला बरोबर हुतो. संस्था काढली तवा म्हणली, जाई, तुझं नाव पहिल्या कागदावर. बाकीच्या कुरकुरल्या. तिनं ऐकलं न्हाई."

"तुम्हाला वाटतं ती येते?"

"आमच्यात भूतखेत मानत न्हाईत, बाई." ती ड्रमाकडे पाहत राहिली. "पण संध्याकाळी वाटतं, नाल्यातून कुणी हाक मारतंय. जाई, जाई म्हणून. मग मी दार लावून घेते. ती असंल तर कशाला तरास देईल कुणाला? लई शांत गेली. डोळे खिडकीकडं, नाल्याकडं लावून. झोपल्यावानी."

"मयताला गेला होतात?"

"न्हाई. दुरूनच बघितलं. तिरडी झाकल्याली हुती."

परतताना तलवाडा मागे पडलं, तेव्हा गहिनीनाथाला राहवलं नाही.

"कळलं का, अक्का?"

"कळलं. दोन कोडी आहेत, गहिनी. एक सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते सांगायचा हक्क माझा नाही."

गहिनीनाथाला एकही कळलं नव्हतं. त्याने गिअर बदलला.

*

शनिवारी सकाळी शेडमध्ये अख्खी संस्था पोत्यांवर बसली होती. शिवकन्या एका कडेला, मुलीला मांडीवर घेऊन. तिच्या शेजारची दोन पोती रिकामी. जाईबाई नेहमीप्रमाणे दाराजवळ. भगवानरावांनी ठराव वाचायला चष्मा चढवला, तेवढ्यात सत्यभामाबाई म्हणाल्या, "त्याआधी जरा येसर चाखा."

दोन वाट्या फिरल्या. पहिलीतलं चाखून बायकांनी वाटी पुढे सरकवली. दुसरीतलं चाखल्यावर सुंदरबाईंनी तोंडावर पदर धरला.

"ही तीच. केशर," त्या कशाबशा म्हणाल्या. एकदोघी रडू लागल्या.

"दोन्ही आज सकाळी रामकिसनने दळली. माझ्यासमोर. एकाच पोत्यातली."

रामकिसन घाम पुसत उभा होता. गहिनीनाथाने दुसऱ्या वाटीतली चिमूट घेतली आणि थोड्या वेळाने गळा खाजवायला लागला.

"या माणसाचा गळा भुताने धरलेला नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "याला जवस चालत नाही. धाब्यावरची मिश्र चटणी खाऊन हेच झालं, शिवकन्येने आणलेलं येसर खाऊन हेच झालं. तुमच्या येसरात जवस आहे, बायांनो."

"आमी जवस घालतच न्हाई," सुंदरबाई म्हणाल्या.

"तुम्ही घालत नाही. चक्की घालते. आधी ज्याचं दळण झालं त्याचं अर्धा किलो तरी पाट्यात अन् जाळीत राहतं, ते पुढच्याच्या पिठात उतरतं. म्हणून तर मिरची दळल्यावर कुणी लगेच गहू टाकत नाही. पहिल्या वाटीच्या आधी रामकिसनने ब्रश मारला. दुसरीच्या आधी जाईबाईंच्या चटणीचं जवस दळलं आणि ब्रश मारला नाही. केशरबाई हट्टाने त्यांच्या मागचा नंबर घ्यायची, ब्रश मारू द्यायची नाही, आणि सगळं येसर परातीत घोळायची म्हणजे चव सारखी लागते. ती गेली आणि तुम्ही काय केलंत? जाईबाईंना शेवटी टाकलं आणि मागून चक्की साफ. चव तुम्ही स्वतःच्या हातांनी झाडून टाकलीत."

सुंदरबाईंनी दुसऱ्या वाटीत पुन्हा बोट बुडवलं.

"मग चव परत कशी येती?" भगवानरावांनी विचारलं.

"तुमच्या लेबलावर दिवस असता तर हे तुम्हालाच कळलं असतं. महिना लिहून ठेवता! सोमवारी आणि गुरुवारी टँकर येतो. सगळ्या पळतात. हजर कोण? जाईबाई, कारण त्यांचा टँकर बुधवारी. त्यांचं जवस आधी दळलं जातं. बायका परततात, लाईट जायला अर्धा तास, ब्रश कुणी मारत नाही. येसर थेट जवसाच्या मागून. तुम्ही येईल तसं भरता, म्हणून पहिल्या दहा-अकरा पाकिटांतच ती चव. दोन दिवसांची मिळून वीस-बावीस. चैत्रात आठ दिवस टँकर आला नाही, तेव्हा भूतही आलं नाही. अंगाऱ्याचा त्यात हात नाही."

"अन् अंगठा?" मागून एकीने विचारलं.

"एका भुताला किती अंगठे असतात? मी मोजले. लहान, मोठे, चिरलेले. चार-पाच जणींचे तरी आहेत. या गावात हात ओला कधी असतो? घागर भरून आल्यावर. त्याच हातांनी तुम्ही ओली शाई धरता. दहा पाकिटं होईतो या उन्हात हात सुकतात, तोवर चवही सरते. अंगठे तुमचेच आहेत. लावून बघा."

सुंदरबाई उठल्या, टोपलीशी गेल्या आणि एका ठशावर अंगठा ठेवला. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर तो ठेवला आणि उचललाच नाही.

"म्हंजे केशर आलीच न्हाई," त्या म्हणाल्या. हायसं वाटायला हवं होतं. त्यांच्या आवाजात ते नव्हतं.

"पण बाई तानेनं गेली, ते तर खरं हाय," मागून कुणीतरी म्हटलं. भगवानरावांनी ठरावाचा कागद पुन्हा उचलला.

शिवकन्येने मुलीला मांडीवरून उतरवलं आणि उभी राहिली. "खरं हाय. मीच सांगते. त्या दिशी घरात एक गिलास पाणी हुतं. मी ते हिला पाजलं. आत्याबाईनं मागितलं तवा म्हणलं, येते घेऊन. मला ठाऊक हुतं यायला तीन तास लागतील." ती रडली नाही. "काढा माझं नाव."

सत्यभामाबाईंनी खाली पाहूनच बोलायला सुरुवात केली. "शिवकन्या, तू विहिरीवरून आलीस तेव्हा सासूची हनुवटी आणि पदर ओला होता. दोन महिने खाटेवर सुकलेल्या बाईला एवढा घाम येत नाही. गावात त्या दिवशी पाणी नव्हतं. पण बुधवार होता. पाणी एकाच ठिकाणी होतं. आणखी एक. तिचे डोळे उघडे होते, खिडकीकडे होते, हे तुझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. तू ते मिटवूनच हाक मारलीस. तरी ते माझ्याशी बोलताना एका माणसाच्या तोंडून निघालं. नाव मी सांगणार नाही. इथवरच माझं काम."

पत्र्यावर वारा खडखडत होता. दाराजवळचं पोतं हललं.

"मी पाजलं," जाईबाई म्हणाली.

ती उभी राहिली नव्हती. बसल्या जागीच, दोन्ही हात मांडीत घेऊन बोलत होती. "तिची खिडकी नाल्याकडं. तिनं हाक मारली. जाई, जाई. मी तांब्या घेऊन आले. घरात कुणी न्हाई. डोकं मांडीवर घेऊन पाजलं. निम्मं सांडलं, निम्मं पोटात गेलं. म्हणली, गोड हाय गं. अन् खिडकीकडं बघत ऱ्हायली. मला कळलंच न्हाई कवा गेली."

"मग बोलली का न्हाईस?" सुंदरबाईंनी विचारलं.

"काय बोलू? माझ्या हातचं पाणी प्याली अन् मेली, असं सांगू? माझ्या मागून तुमी चक्कीला ब्रश मारता. मला काय म्हणला असता?" ती पहिल्यांदा शिवकन्येकडे वळली. "पोरी, दोनदा वेशीपातूर आलते सांगायला. दोनदा माघारी गेले. तुझ्यावर आळ आला अन् मी गप बसले. मला माफ कर."

आणि मग ती हळूच म्हणाली, "केशरलाबी माझ्या जवसाचं ठाऊक हुतं. तुझ्या मागं आलं की माझं येसर उजळतं, म्हणायची. पण सभेत एकदा तरी सांगायचं. इतर लिहून मोकळी झाली. त्याचा मला लई राग हाय. आजबी हाय."

सुंदरबाईंनी भगवानरावांच्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या आणि कंबरेला खोचला. मग त्या चक्कीच्या खोलीत गेल्या आणि खिळ्याला टांगलेला ब्रश घेऊन आल्या. त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो चुलीत घातला. केसांचा जळका वास सुटला.

शिवकन्या मधली सगळी पोती ओलांडून दाराशी गेली.

"परवा आखिती हाय, पितरांना पाणी द्यायचा दिस. आत्याबाईच्या नावानं मातीची केळी पाण्यानं भरणार. त्यांच्या जागी जेवायला कुणाला तरी बसवावं लागतं," ती म्हणाली. "तुमी याल का, मावशी?"

"मी पितर-बितर मानत न्हाई, बाई." जाईबाईने डोळे पुसले. "पण जेवायला येईन. येसराची आमटी कर."

निघताना सत्यभामाबाईंनी भगवानरावांना समोर बसवून नवं लेबल लिहून घेतलं. गहू, ज्वारी, हरभरा डाळ, धने, मिरची, सुंठ, मीठ किती ते. जवस. पॅकिंगचा दिवस. "जागा पुरत न्हाई," ते कुरकुरले. "मग पाकीट मोठं करा," असं त्यांना उत्तर मिळालं.

*

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"ताई, शिवकन्या बोलते. काल जाईमावशी जेवून गेली. रात्री उंबऱ्यात गिलास ठेवला हुता, सवयीनं. आज सकाळी बघितलं तर तसाच भरल्याला."

समोर बसलेल्या गहिनीनाथाच्या हातातला चहा थांबला.

"एरवी कुत्रं पीत असेल," सत्यभामाबाई म्हणाल्या. "काल आलं नसेल."

"आसंल," शिवकन्या म्हणाली.

"मग त्या पाण्याचं काय केलंस?"

"पिले मी," ती म्हणाली. "सगळं पिले."